रोख तिकडे, उधार इकडे

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गावात किराणा दुकान टाकायचं तर भांडवल किती लागतं, असं मला वर्षातून चार-सहा तरुण तरी विचारतात. कविता लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न का विचारावा, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. आमच्या घरात पन्नास वर्षांहून अधिक काळ किराणा दुकान आहे. बीए झालो तरी गल्ल्यावरची माझी संध्याकाळची पाळी सुटली नाही, आणि आता दुकान धाकटा भाऊ चालवत असला तरी महिन्याचा हिशेब मीच लिहितो. भांडवलाचं उत्तर मी लगेच देतो. दीड-दोन लाखांत लहानसं दुकान उभं राहतं. मग मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो? इथं बहुतेक जण गप्प होतात. दुकान टाकायला पहिलं उत्तर पुरतं, टिकवायला हे दुसरं लागतं.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या उताराचं. वस्ती सात-आठ हजार, आठवड्याला बाजार. माल पूर्वी बार्शीहून यायचा, आता निम्मा लातूरहून येतो. बार्शी ब्रिटिशांच्या मुलखात आणि चहूबाजूंनी निजामाचं राज्य, अशी १९४७ पर्यंतची स्थिती होती. त्यामुळे तीस-चाळीस मैलांवरून मीठ-मिरची आणायची तरी वाटेत निजामाचा करोडगिरी नाका लागायचा. आजोबा घोड्यावर माल लादून वाड्या-वस्त्यांना फिरत. नाक्यावर दिलेला पैसा ते मिरचीच्या भावात कसा मिळवत, ही गोष्ट आमच्या घरात बरीच वर्षं चवीनं सांगितली जाई. बसून विकायचं दुकान टाकलं ते अब्बांनी, १९७३ साली, आणि तेही गावात नव्हे. १९७२ च्या दुष्काळात सरकारनं रोजगाराची कामं काढली होती. आमच्या शिवेजवळ तलावाचं काम चालू होतं. तिथं अब्बांनी चार बांबू रोवले, वर पोतं टाकलं आणि चहापत्ती, गूळ, काडेपेटी, बिडी मांडली. त्यांनी जागा निवडली नव्हती, पगाराचा वार निवडला होता. मजुरी आठवड्याला वाटायचे, त्या दिवशी वाटपाच्या टेबलापासून दिसेल असं दुकान असायचं. पाऊस झाला, काम संपलं, आणि त्या पैशांतून गावात पत्र्याची खोली झाली.

पैसा केव्हा येतो, हे आमच्या भागात थोडं तपशिलानं सांगितलं पाहिजे. मृग लागला की घरातला पैसा बियाणं-खतात जातो. जून ते सप्टेंबर गाव उधारीवर खातं. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, त्याचा पैसा दिवाळीच्या तोंडावर हातात पडतो. तूर जानेवारीत, हरभरा आणि ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दूध घालणाऱ्याचं बिल दर दहा दिवसांनी, मास्तरांचा पगार महिन्यानं, रोजंदारीचा पैसा बाजाराच्या दिवशी. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब याहून वेगळा. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयत्यामागे आधीच उचल देतो. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ही माणसं उचलीतून आमची बाकी चुकती करतात आणि पाच-सहा महिन्यांचं तिखट-मीठ, तेल, साबण बांधून नेतात. आमच्या वर्षातला तो सर्वांत मोठा रोखीचा आठवडा. पण ती उचल म्हणजे अंगावर घेतलेलं कर्जच असतं. म्हणजे आमचं खातं मिटतं ते दुसऱ्या खात्यावर बोजा चढवून. ‘जमा’ असा शब्द त्या पानावर लिहिताना मला कधी सुख झालेलं नाही.

एवढं ध्यानात घेतलं की नव्या दुकानदारानं काय करायचं ते आपोआप सुचतं. जूनमध्ये दुकान उघडू नये. तेव्हा सगळं गाव नव्या दुकानात उधार मागायला येतं, कारण जुन्या दुकानात बाकी थकलेली असते. चार महिन्यांत भांडवल वहीत जातं आणि फळ्या रिकाम्या होतात. उघडायचं तर दसऱ्याला. त्या वेळी पैसा रोख फिरत असतो आणि गिऱ्हाइकाला रोख द्यायची सवय नव्या दुकानात पहिल्या दिवसापासून लागते. जागा बघताना रस्त्याकडे बघतात, त्याऐवजी थांबण्याकडे बघावं. पिठाच्या गिरणीशेजारची जागा मला सर्वांत चांगली वाटते, कारण दळण होईपर्यंत बाई तिथं उभी असते आणि तिला घरात काय संपलंय ते आठवायला वेळ असतो. त्यानंतर दूध संकलन केंद्र, मग शाळा. एसटी स्टँडवर गर्दी दिसते, पण ती घाईतली असते. पाण्याची बाटली आणि तंबाखू यापलीकडे तिचं लक्ष जात नाही.

आणि फर्निचर करू नका. मुद्रा योजनेतून छोट्या धंद्याला कर्ज मिळतं, ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत. ते पैसे काचेच्या कपाटात आणि छताच्या दिव्यांत घातलेली दोन दुकानं माझ्या डोळ्यांसमोर बंद झाली. कपाट विकलं जात नाही. सरकारी कागदांचा धसका मात्र घेऊ नये. घरचीच माणसं राबतात अशा दुकानाला आता गुमास्ता परवान्याऐवजी ऑनलाइन सूचना पुरते. अन्नपदार्थ विकायचे म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते, आणि काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का वेळच्या वेळी मारून घ्यावा लागतो. जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा मालविक्रीला वर्षाला चाळीस लाखांची आहे. दिवसाला पाच हजारांचा धंदा करणारं दुकान वर्षाला अठरा लाखांपर्यंत जातं. दिवसाला अकरा हजारांच्या पुढं गेलात की मात्र सावध व्हा, कारण या मोजणीत करमाफ मालही धरतात. कर्नाटकात २०२५ साली मोबाइलवरच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा ही गोष्ट अनेकांना पहिल्यांदा कळली.

आता नफ्याचं. आमच्या वहीवरून सांगतो, ठिकाणागणिक थोडा फरक पडेल. साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्यामागे शंभर रुपयांच्या आसपास सुटतात. खाद्यतेलाच्या पिशवीवर शेकडा दोन-तीन, बिस्किट-साबणावर आठ ते दहा, मसाला, खोबरं, सुकामेवा यांवर पंधराच्या पुढं. सगळं मिसळून शेकडा नऊ-दहा पडतात. साखरेत काही सुटत नाही म्हणून ती एक रुपया चढवून विकावी, असं नव्या माणसाला वाटतं. तसं करू नये. गावात दुकानाचा भाव साखरेवरून आणि तेलावरून ठरतो. त्या दोन वस्तू लातूरच्या भावात मिळाल्या की बाकी सगळं स्वस्त आहे असं माणसं धरून चालतात.

नफ्यापेक्षा माल फिरणं मोठं, हे अब्बा आम्हाला बिस्किटावरून शिकवत. हजार रुपयांची बिस्किटं आठवड्यात विकली गेली आणि ऐंशी रुपये सुटले, तर तेच हजार वर्षातून बावन्न वेळा फिरतात आणि चार हजारांच्या वर देऊन जातात. हजार रुपयांच्या कोल्ड क्रीमवर दोनशे सुटतात, पण ते थंडीत एकदाच. क्रीम ठेवू नये असं नाही. डझन आणायचं की चार नग, एवढाच प्रश्न असतो. कंपनीचा माणूस ‘छोटा हत्ती’ घेऊन दारात येतो, डझनावर एक फुकट म्हणतो, आणि तो एक फुकटचा डबा वर्षभर फळीवर बसून राहतो. त्याची मुदत संपली की परत घ्यायला मात्र कोणी येत नाही.

सुट्या मालाचं शास्त्र वेगळं आहे, ते कोणत्या पुस्तकात सापडणार नाही. उदबत्ती आणि अंगाचा साबण चहापत्तीजवळ ठेवला तर आठवड्यात चहाला मोगऱ्याचा वास येतो. रव्याला पावसाळ्यात जाळी धरते, डाळीला भुंगा लागतो, गूळ पाणी सोडतो, साखर ओल धरून गठ्ठा होते, शेंगदाणा खवट होतो. म्हणून आषाढ-श्रावणात पोतं घ्यायचं नाही, पाच-दहा किलोनं आणायचं, भाव थोडा जास्त पडला तरी चालेल. पोती भिंतीला टेकवायची नाहीत, फळीवर ठेवायची. घट धरायची. शंभर किलो शेंगदाणे विकत घेतले की शंभर किलो विकले जात नाहीत. खडे, फोलपटं, तराजूतली चिमूट आणि येता-जाता मूठ तोंडात टाकणारे पाहुणे. उपवासाच्या मालाचं भान तर आमच्यासारख्या दुकानदाराला अधिक ठेवावं लागतं. नवरात्रात तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ आमच्या रस्त्यावरून लागते, साबुदाणा आणि भगर पोत्यांनी खपते. जुनं, ओल लागलेलं भगरीचं पीठ खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत येत राहतात. त्यामुळे आम्ही भगर अख्खी विकतो, पीठ ठेवतच नाही. या मालाचं माप आणि चाळणी वेगळी आहे. अम्मीनं घातलेला नियम आहे तो, आजही चालतो.

गावच्या दुकानाचं खरं गिऱ्हाईक काय घेतं, हेही बघायला हवं. शेतात जे पिकतं ते घरात असतं. रेशनचं धान्य २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं स्वस्त झालं आणि जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतं, त्यामुळे गहू-तांदूळ आमच्याकडं जवळजवळ विकलेच जात नाहीत. उरतं ते शेतात न पिकणारं: चहा, साखर, मीठ, तेल, साबण, काडेपेटी, मसाला, बिस्किट. आणि तेही चिमटीनं. पाच रुपयांची चहापुडी, दहा रुपयांची साखर. मजुराच्या घरात महिन्याचा किराणा नसतो, आजचा असतो. म्हणून शांपू पुडीत आला तेव्हा तो खेड्यात पोचला. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी अठरावरून पाचवर आला तेव्हा काही कंपन्यांनी पाच रुपयांच्या पुड्यावर साडेचारच्या आसपास किंमत छापली. सरकारचा हेतू चांगला होता, पण अर्धा रुपया गल्ल्यात आणायचा कुठून? दोन पुडे घे बाळा, नऊ रुपये दे, असं सांगत आम्ही ते दिवस काढले.

आता दुखऱ्या जागेकडे येतो. तालुक्याला आणि जिल्ह्याला मोठी मार्टं झाली. ज्याच्या घरात पगार येतो तो महिन्याला तिकडं जातो, ढकलगाडी भरतो, छापील किमतीपेक्षा कमी देतो. मोठ्या दुकानाला कंपनी ज्या भावात माल देते त्या भावात तो आम्हाला घाऊक बाजारातही मिळत नाही, त्यामुळे भावाची बरोबरी करायला जाऊच नये. माणसं तिकडं गेली याचं मला वाईट वाटत नाही, चार पैसे वाचवणं हा त्यांचा हक्क आहे. वाईट याचं वाटतं, की महिना संपत आला की तीच माणसं तेलाच्या पिशवीसाठी आमच्याकडं येतात आणि लिहून ठेव म्हणतात. रोख तिकडं, उधार इकडं. गावातली दुकानं बंद पडतात ती स्वस्ताईमुळं कमी आणि या वाटणीमुळं जास्त, असं माझं मत आहे.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपल्याकडं म्हणतात. ते किती रितं असतं ते मोजून बघा. शंभर रुपयांचा माल उधार दिला, त्याची खरेदी नव्वदची. ती बुडाली तर नव्वद रुपये भरून काढायला आणखी नऊशे रुपयांचा माल विकावा लागतो, आणि तोही रोख. दिवसाला पाच हजारांच्या धंद्यात पाचशे सुटतात, भाडं, वीज, गाडीभाडं जाऊन घरी तीन-साडेतीनशे येतात. वर्षात तीस हजारांची उधारी बुडाली तर जवळपास तीन महिने घर फुकट राबलं.

मग उधार बंदच करावी? ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी लावून पाहिलेली दुकानं मी पाहिली आहेत. ज्या गावात पैसा वर्षातून दोनदा येतो तिथं रोजच्या रोखीवर दुकान चालत नाही. उधार हाच तिथला धंदा असतो. प्रश्न ती कोणाला, कशासाठी, किती आणि कधीपर्यंत, एवढाच राहतो.

या धंद्याचा एक काळा इतिहासही आहे, तो विसरून चालणार नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांना धान्य लुटण्यापेक्षा वह्या आणि कर्जरोखे हवे होते. ते त्यांनी जाळले. तो वणवा पुणे-नगर भागात पसरला आणि सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. त्या सावकारांतले कित्येक जण दुकानदारही होते. मीठ-तेल उधार द्यायचं, त्यावर व्याज चढवायचं, आणि शेवटी जमीन लिहून घ्यायची. अडाणी माणसाच्या खात्यावर काय लिहिलंय हे त्याला कळत नसे, ही त्यातली मुख्य गोष्ट होती.

अब्बांना हा इतिहास माहीत नव्हता, पण त्यांचा एक हट्ट होता. त्यांचं शिक्षण उर्दूतलं, तरी उधारीचं खातं ते मराठीतच लिहीत, मोठ्या आकड्यांत. ज्याचं देणं त्याला वाचता आलं पाहिजे, असं म्हणत. कुराणातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक छोटी वही दिलेली असायची. आमच्या वहीत नोंद झाली की तीच त्याच्या वहीत. दोन्ही जुळल्याशिवाय माल हातात नाही. आजही आमच्याकडं हीच पद्धत आहे, मोबाइलवर हिशेबाची अॅपं आली असली तरी. व्याज तर नाहीच. उधारीला भाव दोन रुपये चढा लावावा का, यावर एकदा घरात वाद झाला होता. मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, भाव आधी सांगून दोघांनी कबूल केला तर हरकत नाही. अब्बा म्हणाले, ज्याच्या घरात मीठ नाही तो कबूल करील नाही तर काय करील? तो विषय तिथंच संपला. वही मात्र दिवाळीच्या पाडव्याला बदलायची, कारण बाजाराचं वर्ष तेव्हा फिरतं. वर ७८६ लिहायचं, खाली मागची बाकी.

या ठिकाणी तुकोबांची आठवण होते. देहूचं त्यांचं घर वाण्याच्या धंद्याचं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, घरची माणसं गेली. पुढं आपल्या वाट्याचे कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले आणि भावाच्या वाट्याचे भावाला दिले, असं सांगतात. कवीला गल्ल्यावर बसवू नये, असं आमच्या गावात म्हणतात, त्याला एवढा मोठा दाखला आहे. मला मात्र त्यातली दुसरी अर्धी गोष्ट महत्त्वाची वाटते. भावाचे कागद त्यांनी बुडवले नाहीत.

आमची कसोटी लागली ती २०१५-१६ च्या दुष्काळात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. सलग दोन वर्षं पीक गेलं होतं. दुकानातल्या मालापेक्षा वहीतली बाकी जास्त झाली. घाऊक व्यापाऱ्यानं आम्हाला पंधरा दिवसांवर मुदत द्यायचं बंद केलं, त्याचंही बरोबर होतं. भावानं तेव्हा एक नियम केला. चुलीवर जे चढतं ते उधार मिळेल: डाळ, तेल, मीठ, तिखट, चहा-साखर. आणि अंगाचा-कपड्याचा साबण. बाकी सगळं रोख, बिस्किटसुद्धा. आणि घरातली माणसं मोजून प्रत्येक खात्याला महिन्याची मर्यादा. सरपंचाच्या घराला तीच, सालगड्याच्या घराला तीच. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या. लहान पोरं बिस्किटाच्या बरणीसमोर उभी राहायची तेव्हा मी आत जाऊन बसायचो, भाऊ मात्र जागचा हलायचा नाही. पण कोणाच्या घरची चूल आमच्यामुळं अडली नाही आणि दुकानही बंद पडलं नाही.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला, मांजरा धरण भरलं, सोयाबीन चांगलं आलं. आता बाकी फिटणार म्हणून आम्ही वह्या काढून ठेवल्या आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. ऐन पैसा यायच्या महिन्यात पैसाच गेला. अडतीवर सोयाबीनचे चेक मिळू लागले. ज्यांची खाती जिल्हा बँकेत, त्या बँकांना तर १४ नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायलाच मनाई झाली. माणसं चेक दाखवायला दुकानात येत. पैसे आहेत रे, पण कागदावर आहेत, म्हणत. आमचेही कागदावरच होते. ती उधारी फिटायला दुसरी दिवाळी उजाडली. फिटली मात्र. त्या दोन वर्षांतली बुडीत आम्ही मोजली तर शंभरात चार रुपयेही भरली नाही. अकरा महिने रोखीनं घेणाऱ्या आणि एक महिना उधार नेणाऱ्यांत बुडवणारे अधिक निघाले, वर्षभर वहीवर जगणाऱ्यांत कमी. कारण वहीवर जगणाऱ्याला उद्या पुन्हा यायचं असतं.

मोबाइलवरून पैसे देणं आल्यापासून तरुण गिऱ्हाइकांची किरकोळ उधारी घटली आहे, हे मान्य केलं पाहिजे. ‘सुट्टे नाहीत, उद्या देतो’ हे वाक्य गेलं. पुण्यात कामाला असलेला मुलगा तिथून थेट आईच्या खात्यावर पैसे टाकतो आणि आमचा स्पीकर दुकानात आकडा ओरडतो. २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा पहिल्यांदाच बायकांनी आपल्या नावानं वेगळी वही मागितली. एरवी खातं नवऱ्याच्या नावाचं असे. ही वही आमच्याकडची सर्वांत स्वच्छ वही आहे.

खातेदार मरतो तेव्हा काय करायचं, हा प्रश्न नवा दुकानदार कधी विचारत नाही, पण तो येतोच. आमच्यात जनाज्याची नमाज होण्याआधी वारस उभा राहून विचारतो, मय्यतीकडं कोणाचं देणं असेल तर मला सांगा. हिंदू घरातला मुलगा तेराव्यानंतर दुकानात येतो, बापाचं किती होतं ते बघा, म्हणतो. आपण विचारायला जायचं नसतं. आणि कर्जापायी ज्यानं जीव दिला त्याचं पान आम्ही त्याच रात्री बंद करतो. अशी पानं आमच्या वह्यांत पाच आहेत. त्यांतल्या एकाच्या मुलानं नोकरी लागल्यावर, नऊ वर्षांनी, आकडा विचारला. भाऊ म्हणाला, वही वाळवीनं खाल्ली. वही कपाटात आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नदीकाठची शेतं खरवडून गेली, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं. दसऱ्याला गल्ला रिकामा, दिवाळीला बाजार सुना. पाडव्याला भाऊ नेहमीसारखा नवी वही घेऊन बसला. जुनी बाकी ओढताना त्यानं प्रत्येक नावापुढं ‘दिवाळी’ या शब्दाऐवजी ‘तूर’ असं लिहिलं, आणि ज्यांची तूरही गेली होती त्यांच्यापुढं ‘पुढची दिवाळी’. चुलीचा नियम पुन्हा लागू झाला, या वेळी कोणी शिव्या दिल्या नाहीत. जानेवारीत तूर आली. ‘तूर’ लिहिलेल्या एकवीस खात्यांपैकी चौदांवर जमा पडली, तिघांनी निम्मी दिली. उरलेले चार अजून माल नेतात, मर्यादेत.